कर्ज फिटेपर्यंत: हिशेबाची वही, काटकसरीचा स्वयंपाक आणि टिकणारी उमेद

क्रेडिट कार्डाचं बिल उघडून बघायचं मी चार महिने टाळलं होतं. मेसेज आला की 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, तेवढं भरायचं आणि फोन पालथा ठेवायचा. सासऱ्यांच्या आजारपणात पैसे गेले त्याचं दुःख नव्हतं, सासरे बरे होऊन घरी आले असते तर पुन्हा घातले असते. पण किती देणं उरलंय हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं आणि त्याची भीती आकड्यापेक्षा मोठी होत चालली होती. त्यानंतर आम्ही काय केलं, ते ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहिते. पुण्यात धायरीतल्या दोन खोल्या, दोघांचे मिळून ५२,००० रुपये पगार, एक शाळकरी मुलगी आणि सासूबाई, एवढं आमचं घर. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच चालेल.

सगळं देणं एका पानावर

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधलं ॲप नको असं मी मुद्दाम सांगते, कारण वही ओट्यावर पडलेली असते आणि घरातल्या सगळ्यांना दिसते. पहिल्या पानावर प्रत्येक देणं लिहायचं: कुणाचं, आज बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती. नातेवाइकांकडून घेतलेले पैसेही लिहायचे. ते 'नंतर बघू' म्हणून मनात ठेवले की तेच जास्त टोचतात.

आमचं पान असं होतं. क्रेडिट कार्ड ७८,०००. पर्सनल लोन १,६०,०००, हप्ता ६,३५०, अजून ३० हप्ते. फ्रिजचे बिनव्याजी हप्ते १,६०० प्रमाणे सहा, म्हणजे ९,६००. नणंदेकडून घेतलेले ३०,०००. बेरीज २,७७,६००. ही बेरीज नवऱ्याने केली आणि दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. पण त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली.

कुठलं खातं विसरलं असेल अशी शंका असेल तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

आधी कुठलं फेडायचं

आमच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होतं, आणि कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ७८,००० वर व्याज २,७३०, त्यावर जीएसटी ४९१, मिळून ३,२२१ रुपये. किमान भरणा पाच टक्के, म्हणजे ३,९००. म्हणजे ३,९०० भरल्यावर मुद्दल कमी व्हायचं ते जेमतेम ६७९ रुपयांनी. हे गणित वहीत स्वतःच्या हाताने मांडलं तेव्हा इतके महिने पैसे भरूनही आकडा का हलत नव्हता ते कळलं. तुमच्या बिलावर व्याजदर आणि किमान रक्कम छापलेली असते, तेच आकडे घालून बघा.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कार्डाची मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून फेड सुरू करायच्या दिवशीच कार्ड कपाटात जायला हवं आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्ड नंबर पुसायला हवा.

काही जण सांगतात, सगळ्यात लहान देणं आधी संपवा म्हणजे हुरूप येतो. आमच्याकडे लहान देणं फ्रिजचं होतं आणि त्याला व्याजच नव्हतं, मग ते लवकर फेडून काय मिळणार? माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं व्याज जास्त तेच आधी. हुरूप वेगळ्या वाटेने आणता येतो, ते पुढे सांगते. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चुकवायचे नाहीत, आणि वरचा प्रत्येक रुपया कार्डाकडे. नणंदेला आम्ही फोन करून सांगितलं, "ताई, आधी कार्ड संपवतो, मग तुमचे. तारीख कळवत राहू." ती म्हणाली, "अगं, सांगितलंस हेच पुष्कळ." सहा महिने तिच्यासमोर जायला मला लाज वाटत होती, ती त्या एका फोनने गेली.

कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून देतात का, हेही बँकेला विचारा. मात्र प्रक्रिया शुल्क धरून हिशेब करा. एक कर्ज फेडायला झटपट कर्जाचं ॲप किंवा बिनपरवाना सावकार, या दोन वाटांना अजिबात जाऊ नका. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

महिन्याची वाटणी

पगार झाला त्याच दिवशी वाटणी करायची. आमची अशी होती: भाडं १३,०००, दोन हप्ते मिळून ७,९५०, शाळा २,५००, स्वयंपाकघर ९,०००, वीज १,१००, गॅस-मोबाइल-इंटरनेट १,६००, पेट्रोल आणि बस २,८००, सासूबाईंची औषधं १,५००, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे वह्या-पुस्तकं, गणपती, गाडीचा विमा यांसाठी, दरमहा २,०००. बेरीज ४१,४५०. उरले १०,५५०. त्यातले १,५०० अडीअडचणीला बाजूला, ८,५०० कार्डाला. आणि राहिलेले ५५०?

ते ५५० रुपये आम्ही 'हौसेचे' म्हणून वेगळ्या डबीत ठेवायचो. नवरा म्हणत होता तेही कार्डात घालू. मी अडून बसले. वर्षभर चालायचं असेल तर मुलीला महिन्यातून एकदा भेळ, सासूबाईंना गजरा, एवढं तरी अपराधी न वाटता व्हायला हवं. पहिल्याच महिन्यात सगळं आवळलं की तिसऱ्या महिन्यात एखाद्या रात्री हजाराचं जेवण मागवलं जातं. आमच्याकडे आधी तसंच झालेलं होतं.

एक माणूस

हे सगळं कुणाला तरी सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही, एकाला सांगा. मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितलं, जिचं स्वतःचं घरकर्ज चालू होतं. आमचं ठरलं होतं: दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं फोन. तिने विचारायचं, "या आठवड्यात किती गेले? काय चांगलं झालं?" मी तिला तेच विचारायचं. पैसे मागायचे नाहीत, उपदेश करायचा नाही, आणि आपला आकडा तिसऱ्या कानी जाऊ द्यायचा नाही. एका रविवारी मी रडकुंडीला येऊन सांगितलं की मुलीच्या चपलेपायी पाचशे जास्त गेले. ती म्हणाली, "चप्पल लागणारच होती. मटकीला मोड आले का ते सांग." त्यावर मी हसले. असं माणूस शोधताना एकच बघा: तुमचा आकडा ऐकून जो दचकणार नाही, तो.

स्वयंपाकघर

आमचं स्वयंपाकघर १३,५०० वरून ९,००० वर आलं. हे ४,५०० कुठून सुटले ते वहीत स्पष्ट दिसतं: बाहेरून मागवलेलं जेवण २,३००, बिस्किटं-वेफर्सची पाकिटं ८००, सडून फेकलेली भाजी ४००, आणि किराणा ठोक भावात घेतल्याने १,०००. म्हणजे कुणाच्या ताटातलं कमी केलं नाही. म्हणून कात्री लावण्याआधी एक महिना फक्त लिहा, अगदी चहाबरोबरच्या खारीसुद्धा.

ठोक किराण्याला आमच्या इमारतीतल्या तीन घरांनी मिळून मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात जायचं ठरवलं. गव्हाचं पोतं, तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, गुळाची ढेप असं आणायचं आणि आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून तिघींनी वजनकाट्यावर वाटून घ्यायचं. पैसे वाचतातच, पण गुळाची ढेप फोडताना ज्या गप्पा होतात त्यात कळतं की तिन्ही घरांत ओढाताण आहे. त्या दिवसापासून आमच्या जिन्यात काटकसरीची चोरी राहिली नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, आणि सहा महिन्यांहून जास्त साठवायला जागा नसेल तर साठवू नका. तुमची शिधापत्रिका अन्नसुरक्षा योजनेच्या प्राधान्य गटात असेल तर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. ते घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

भाजी मंडईत संध्याकाळी उशिरा घ्या. विक्रेत्यांना माल परत न्यायचा नसतो, तेव्हा दहा-वीस रुपयांना वाटा मिळतो. पण त्याच रात्री निवडायची तयारी ठेवा. मेथी, कोथिंबीर निवडून कोरडी करून कापडात गुंडाळली तर टिकते, ओली पिशवीतच राहिली तर दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि स्वस्त वाटा महागात जातो. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, लाल भोपळ्याच्या सालांची तीळ घालून चटणी, हे सासूबाईंनी वर्षभर केलं. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं.

आठवड्याचा कणा म्हणजे मोड आलेली कडधान्यं. एक वाटी मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री निथळून ओल्या पंचात घट्ट बांधायची आणि पातेल्यात झाकून ठेवायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड दिसतात. पुण्याच्या डिसेंबरातल्या थंडीत दीड दिवस लागतो, तेव्हा पातेलं शेगडीशेजारी सरकवायचं. वाटीची अडीच-तीन वाट्या होते. पहिल्या दिवशी उसळ-भाकरी, उरलेल्या उसळीत पाणी, गोडा मसाला आणि थोडं शेंगदाण्याचं कूट घालून दुसऱ्या दिवशी पातळ कट भातावर, मूठभर मोड तसेच कांदा-लिंबू घालून मुलीच्या डब्यात.

भाजणी घरी करा. आमचं प्रमाण: ज्वारी एक किलो, बाजरी आणि तांदूळ अर्धा-अर्धा किलो, गहू, हरभराडाळ आणि उडीद पाव-पाव किलो, धणे १०० ग्रॅम, थोडे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजायचा, गार झाल्यावर गिरणीतून दळून आणायचा. पहिल्या खेपेला मी घाईने सगळं एकत्र भाजलं आणि उडीद करपले. सासूबाई शेजारी पाटावर येऊन बसल्या. "अगं, उडदाला वास सुटला की लगेच उतरव, रंगाची वाट बघू नकोस." सासरे गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात फारशा येत नव्हत्या. त्या दिवसापासून रविवारी थालीपीठ त्याच थापतात: ओल्या पंचावर गोळा, बोटांनी कडेकडेने पसरवत नेलेलं, मध्ये पाच भोकं, प्रत्येक भोकात तेलाचा एक-एक थेंब. पंचा उचलून तव्यावर उलटा टाकला की पीठ सुटतं आणि पंचा अलगद हातात येतो. बाहेरून काही मागवावंसं वाटतं ती रात्र बहुतेक दमल्याची असते, आणि भाजणी डब्यात असली की पंधरा मिनिटांत जेवण होतं.

दमलेल्या रात्रीसाठी दुसरा आधार पिठल्याचा. चौघांना एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, भरपूर कांदा-लसूण, हिरवी मिरची. पाणी उकळल्यावर बेसन घालून गुठळ्या मोडायच्या आणि झाकण ठेवून दणकून वाफ काढायची. सकाळचा भात उरला असेल तर फोडणीचा भात, पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी. आमच्या मुलीला ती इतकी आवडते की ती मुद्दाम दोन पोळ्या जास्त करायला लावते.

आठवड्याचा बेत मी गुरुवारी रात्री वहीत लिहिते, कारण शुक्रवारी भाजी आणायची असते. दोन दिवस कडधान्य, दोन दिवस पालेभाजी (ताकातला पालक, डाळ-मेथी), एक दिवस कढी-खिचडी, एक दिवस अंडी, रविवारी थालीपीठ. दूध, अंडी, डाळ आणि मुलीची फळं यांत आम्ही कपात केली नाही आणि तुम्हीही करू नका. केळी-पेरू ही इथली स्वस्त फळं आहेत. आजारपण हे सगळ्यात महाग पडतं, ते आमच्याइतकं कुणाला सांगायला नको.

गॅसचं थोडक्यात. कुकरमध्ये एकाच वेळी वरण, भात आणि वरच्या डब्यात बटाटे. डाळ अर्धा तास आधी भिजवलेली. १४.२ किलोचं सिलिंडर लावलं की कॅलेंडरवर तारीख लिहायची. आमचं पाच-सहा दिवस जास्त पुरायला लागलं, तेही मुलीनेच मोजलं.

चौकोनांचा कागद

कपाटाच्या दाराला आतून एक मोठा आलेख कागद चिकटवला. त्यावर ७८ चौकोन, एक चौकोन म्हणजे मुद्दलातले १,००० रुपये. महिन्याचं बिल आलं की बाकी किती उतरली ते बघून मुलीने रंगवायचे. पहिल्या महिन्यात पाच चौकोन भरले. सातव्या महिन्यात फ्रिज फिटलेला होता, त्याचे १,६०० कार्डाकडे वळवले आणि व्याजही कमी झालेलं, त्यामुळे एका दमात आठ चौकोन. तिने रंगपेटी घेऊन विचारलं, "आई, या वेळी एवढे कसे?" मग मी तिला व्याज म्हणजे काय ते पहिल्यांदा समजावून सांगितलं, डाळीच्या वाट्या मांडून.

दर दहा चौकोनांना काहीतरी साजरं करायचं असं ठरवलं होतं, पण विकत न घेता. पहिले दहा दुसऱ्या महिनाअखेरीस झाले तेव्हा रविवारी पहाटे पर्वतीवर गेलो. १०३ पायऱ्या सासूबाई थांबत थांबत चढल्या, वर बसून घरून नेलेले दडपे पोहे खाल्ले, खाली सगळं पुणं धुक्यात होतं. पुढच्या दहांना तळजाईची टेकडी, मग सारसबाग. तुमच्या भागात जे आहे ते शोधा, पण तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे काहीतरी दिसत असलं की मधला पंधरवडा सरतो.

खंड पडतो तेव्हा

चौथ्या महिन्यात गाडीचं काम निघालं. अडीअडचणीच्या पैशांत भागलं नाही आणि कार्डाला ५,००० च गेले. तेव्हा आम्ही एकच केलं: वहीत कारण लिहिलं आणि त्या महिन्याचे जेमतेम अडीच चौकोन रंगवले. पान फाडलं नाही, नव्याने सुरुवात वगैरेही केली नाही. हप्ता चुकणारच असं दिसलं तर तारखेच्या आधी बँकेला लेखी कळवा, नंतर कळवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

वसुलीचे फोन येत असतील तर हे माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांत बदनामी करता येत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि रात्री मन फारच काळोखात जात असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

सणवार आणि पाहुणे

गणपतीत शाडूची लहान मूर्ती, आरास मुलीने जुन्या साडीची केली, मोदक घरचे. लग्नांच्या आहेराची रक्कम जानेवारीतच ठरवून टाकली आणि सगळ्यांना तेवढीच. ऑफिसातल्यांनी बाहेर जेवायला बोलावलं की मी म्हणायचे, "या महिन्यात नको, पुढच्या शनिवारी घरी चहाला या." दोन वेळा माझी जीभ अडखळली, तिसऱ्या वेळी सहज आलं. जे आले त्यांना कांदाभजी मिळाली, आणि त्यातल्या एकीने जाताना हळूच विचारलं, "ती वही जरा दाखवशील का?"

कार्ड शून्यावर आल्यावर

हिशेबाने अकरा महिने निघत होते, गाडीच्या खर्चामुळे आम्हाला बारा लागले. शेवटचा भरणा करताना बँकेकडून त्या दिवसाची नेमकी रक्कम विचारून घ्या, कारण बिलाच्या तारखेनंतरचं व्याज पुढच्या बिलात येऊन बसतं. पुढचं बिल खरोखर शून्य आलं की मगच शेवटचा चौकोन रंगवा. कार्ड बंद करायचं असेल तर लेखी अर्ज करून बंद झाल्याचं पत्र घ्या, आणि एक-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना ते तपासा. 'सेटल्ड' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पूर्ण रक्कम भरली नाही असा होतो आणि पुढचं कर्ज अडतं, तेव्हा पत्र दाखवून दुरुस्त करून घ्या.

मोकळे झालेले १०,१०० लगेच पुढच्या देण्याकडे वळवा, एक महिनाही मध्ये जाऊ देऊ नका. आमचे नणंदेकडे गेले, तीन महिन्यांत ३०,००० पुरे झाले. त्यानंतर पर्सनल लोन. ते मुदतीआधी फेडायला किती शुल्क आहे ते करारात बघितलं आणि कपाटाच्या दारावर दुसरा कागद चिकटवला. नणंदेला पहिला हप्ता द्यायला आम्ही सगळे गेलो होतो, सासूबाईंनी बरोबर भाजणीचा दोन किलोंचा डबा घेतला होता. नणंदेने पैसे मोजले नाहीत, डबा मात्र उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आई, उडीद बरोब्बर भाजलेत या खेपेला."